दगडी कौलांची शाकारणी

वाईच्या आमच्या जुन्या वाड्यात मृग लागण्यापूर्वी दरवर्षी शाकारणी होत असे. कौले उतरवायची, टिचकलेली बाजूला काढायची, धड असलेली झाडून पुन्हा बसवायची आणि कमी पडतील तेवढी नवी आणायची, एवढेच ते काम होते. त्यासाठी वास्तुविशारदाची गरज कोणाला वाटली नाही आणि परवानगीची तर मुळीच नाही. तेच काम, म्हणजे एका इंग्लिश घराच्या छपराच्या एकाच पाख्याची शाकारणी, पार पाडायला मला चौदा महिने लागले, आणि त्यांपैकी कौले प्रत्यक्ष हाताळण्यात जेमतेम अडीच महिने गेले.

ऑक्सफर्डजवळच्या एका लहान कार्यालयात मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करते. सप्टेंबर २०२१ मध्ये विंडरश नदीच्या खोऱ्यातील एका घराच्या मालकीणबाईंनी आम्हांला बोलावले. पोटमाळ्यावर तीन बादल्या ठेवलेल्या होत्या आणि पाऊस नसतानाही त्यांतल्या एकीत थेंब पडत होता. गावाचे आणि घराचे नाव छापू नये, अशी त्यांची इच्छा असल्यामुळे ते येथे देत नाही.

‘मॅनर हाउस’ म्हटले की आपल्याकडे डोळ्यांसमोर राजवाडा उभा राहतो. वास्तविक कॉट्सवोल्ड्सच्या डोंगराळ पट्ट्यातील कित्येक मॅनर हाउस आपल्या पाटलाच्या वाड्याहून मोठी नाहीत, आणि गावातला त्यांचा मानही साधारण तसाच असे. हे घर सतराव्या शतकाच्या आरंभीचे आहे. मधोमध मोठी बैठकीची खोली, एका अंगाला घरच्या माणसांची लहान खोली, दुसऱ्या अंगाला स्वयंपाकघर, आणि बैठक व स्वयंपाकघर यांच्यामधून पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत आरपार जाणारा बोळ, अशी त्याची मांडणी. वर झोपायच्या खोल्या आणि त्यांच्यावर पोटमाळा. दर्शनी भिंत सरळ वर चढत जाऊन तीन त्रिकोणी शिखरांत संपते आणि प्रत्येक त्रिकोणात पोटमाळ्याची एक खिडकी असते. खिडक्यांना लाकडी चौकट नाही. दगडाच्याच उभ्या दांड्यांनी त्यांचे दोन किंवा तीन भाग केले आहेत आणि त्यांच्यात शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेल्या लहान काचा बसवल्या आहेत. खिडकीच्या माथ्यावर पावसाचे पाणी बाजूला सारणारी एक दगडी भुवई असते. ओटी नाही, पडवी नाही. पाऊस सरळ भिंतीवर येतो.

या सगळ्याचा दगड एकच. पिवळसर मधाच्या रंगाचा हा चुनखडक भिंगाखाली पाहिला तर माशाच्या गाभोळीसारखा बारीक गोल दाण्यांचा दिसतो. भिंती त्याच्या, आणि छपरासाठी त्याच जातीच्या खडकाचे पातळ थर सुटणारे भाऊबंद. इंग्रजीत या कौलांना ‘स्लेट’ म्हणत असले, तरी आपल्या शाळेच्या पाटीचा दगड तो नव्हे. पाटीचा दगड वजनाला हलका आणि पाण्याला घट्ट असतो. हे दगडी कौल थोडे पाणी पिते, आणि त्याचे शंभर चौरस फुटांचे छप्पर जवळजवळ एक टन भरते. म्हणूनच उतार इतका उभा, पन्नास अंशांच्या आसपास, ठेवावा लागतो. पाणी रेंगाळायच्या आत खाली गेले पाहिजे.

या छपराची खरी गंमत कौलांच्या लांबीत आहे. वळचणीला असलेले कौल दोन फूट लांब असते आणि आढ्याजवळचे अवघे सहा इंच. मधल्या प्रत्येक ओळीत लांबी थोडी थोडी घटत जाते. शोभेसाठी हे कोणी ठरवून केलेले नाही. खाणीतून निघालेला दगड लहानमोठा जसा फुटेल तसा घ्यायचा आणि काहीच टाकून द्यायचे नाही, हा त्यामागचा हिशेब आहे. सर्वांत जास्त पाणी वळचणीवरून वाहते, म्हणून तिथे सांधे कमी हवेत आणि कौल मोठे हवे. वरच्या अंगाला पाणीही कमी आणि माणसाला वर वाहून न्यायचे वजनही कमी. परिणाम मात्र असा होतो, की खाली अंगणात उभे राहून पाहणाऱ्याला छप्पर आहे त्याहून उंच भासते.

या लांब्यांना कारागिरांनी नावे दिलेली आहेत, आणि ती गावागणिक बदलतात. आमच्या कारागिराच्या तोंडी ‘कॉक’, ‘मफिटी’, ‘बॅचलर’, ‘विव्हेट’ अशी नावे असत, आणि त्यांत पुन्हा लांब व आखूड असे पोटभेद. हा मनुष्य पासष्टीचा, उन्हाने रापलेला आणि मितभाषी. त्याच्याजवळ मोजपट्टी नव्हती. एका टोकाला खिळा मारलेली आणि अंगावर खाचा पाडलेली एक काठी होती. खिळा कौलाच्या भोकात अडकवायचा आणि खालची कड कोणत्या खाचेपाशी येते ते पाहून नाव पुकारायचे. मी पहिल्या दिवशी मिलिमीटरांत मोजून तक्ता भरू लागले, तेव्हा त्याने माझ्या कागदाकडे एकदा पाहिले आणि काही बोलला नाही.

सगळ्यांत प्रसिद्ध कौले ऑक्सफर्डशायरमधल्या स्टोन्सफील्ड या खेड्याची. तिथे दगड जमिनीखालून काढून ओलसर ठेवत आणि हिवाळ्यात उघड्यावर पसरत, म्हणजे आत मुरलेले पाणी गोठून फुगे आणि दगडाचे पापुद्रे आपोआप सुटत. कडाक्याची थंडी पडणार असे दिसले की रात्री चर्चची घंटा वाजवून गावाला उठवीत आणि सगळे दगडांवर पाणी शिंपडायला धावत, असे तिथे सांगतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो धंदा बंद पडला. याच खाणींतल्या हाडांवरून भूवैज्ञानिक विल्यम बकलंड यांनी १८२४ साली ‘मेगॅलोसॉरस’ या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. शास्त्रीय नाव मिळालेला तो पहिला डायनोसॉर. मजुरांनी कौलांसाठी केलेल्या खोदाईतून ही हाडे वर आली, ही गोष्ट मला त्या नावापेक्षा जास्त आवडते.

परवानगीचे प्रकरण थोडक्यात सांगते. घर संरक्षित यादीत दुसऱ्या श्रेणीत आणि वर तारांकित, म्हणजे देशातील यादीतल्या साधारण ५.८ टक्के इमारतींमध्ये मोडणारे होते. जसेच्या तसे दुरुस्त करायचे असेल तर दर वेळी मंजुरी लागतेच असे नाही. पण आम्हांला पूर्वीच्या दुरुस्तीतले सिमेंट काढून टाकायचे होते आणि रिपांचे लाकूड बदलायचे होते, म्हणून १९९० च्या कायद्याप्रमाणे रीतसर अर्ज केला. मंजुरीवाचून काम करणे हा तिथे फौजदारी गुन्हा आहे. संवर्धन अधिकारी बाई दोनदा येऊन गेल्या, पोटमाळ्यावर गुडघ्यांवर रांगत फिरल्या आणि त्यांनी माझ्या निवेदनातली अर्धी विशेषणे खोडली. ‘सुंदर’ असे लिहून काय सिद्ध होते, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो बरोबरच होता.

अडचण आली ती वटवाघळांची. पोटमाळ्याच्या एका टोकाला ‘लेसर हॉर्सशू’ जातीच्या माद्या पिले वाढवीत होत्या. जरदाळूएवढे, पंख मिटून तुळईला उलटे लोंबकळणारे हे जीव वजनाला दहा ग्रॅमसुद्धा नसतात; पण कायद्याने त्यांना आणि त्यांच्या वस्तीच्या जागेला पूर्ण संरक्षण आहे. पिले उडती होईपर्यंत, म्हणजे ऑगस्ट सरेपर्यंत, एकही कौल हलवायचे नाही अशी अट पडली. दुसऱ्या बाजूने चुन्याची अट होती. हवेचे तापमान पाच अंशांखाली गेले की चुना धरत नाही आणि आतले पाणी गोठले तर तो भुसभुशीत होऊन गळून पडतो. म्हणजे आम्हांला मिळाला सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ. आमच्याकडे मृगाची घाई असे, इथे दवबिंदू गोठण्याची होती. आणखी एक गोष्ट मला त्या निमित्ताने कळली. आधुनिक छपरांत कौलांखाली हवा जाऊ देणारे जे पातळ कापड अंथरतात, त्याच्या सुटलेल्या धाग्यांत वटवाघळांची नखे अडकतात आणि ती तिथेच मरतात. कापड बाद झाले. त्याऐवजी जुनी रीत ठरली: कौलांच्या पोटाला आतून चुन्याचा गिलावा करायचा, आणि तडे जाऊ नयेत म्हणून त्यात बोकडाचे केस मिसळायचे.

मंजुरीची वाट पाहण्याच्या काळात, मे महिन्यात, मी केल्मस्कॉट मॅनर पाहून आले. थेम्सच्या काठचे हे घर साधारण इ.स. १६०० चे, टर्नर नावाच्या शेतकरी घराण्याचे. लेखक आणि नक्षीकार विल्यम मॉरिस यांनी ते १८७१ साली चित्रकार रोझेटी यांच्या भागीत भाड्याने घेतले आणि १८९६ मध्ये मरेपर्यंत ते भाडेकरूच राहिले. घर विकत घेतले ते त्यांच्या पत्नी जेन यांनी, १९१३ साली. मोठ्या दुरुस्तीनंतर घर नुकतेच पुन्हा खुले झाले होते. लोक तिथे मॉरिस यांचे नक्षीचे कापड आणि भिंतीचे कागद पाहायला येतात. मी दोन तास छपराकडे पाहत राहिले. आढ्याकडे बारीक होत जाणाऱ्या या कौलांना मॉरिस यांनी माशाच्या खवल्यांची आणि पाखराच्या पिसांची उपमा दिली होती, आणि पावसानंतर, कौले ओली असताना, ती उपमा अलंकार न वाटता निव्वळ वर्णन वाटते. वरच्या पोटमाळ्यात लाकडी कैच्या उघड्या आहेत. त्या सरळ नाहीत. झाड जसे वाकले होते तसेच लाकूड वापरले आहे, आणि वाकाचा फायदा करून घेतला आहे.

याच मॉरिस यांनी १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. त्या काळी चर्च ‘पूर्ववत’ करण्याची लाट आलेली होती. जुना गिलावा खरवडायचा, मधल्या शतकांत झालेली भर काढून टाकायची आणि इमारत कधी काळी जशी असेल असे वाटते तशी नव्याने घडवायची, असा तो उद्योग. म्हणून मॉरिस यांच्या संस्थेला खरवडविरोधी असे टोपणनाव पडले. तिच्या जाहीरनाम्यात गळके छप्पर दुरुस्त करण्याचा उल्लेख आहे: रोजच्या निगेने झीज थोपवा, आणि दुरुस्ती केली तर ती दुरुस्ती म्हणूनच दिसू द्या. हे मराठीत सांगायला गेले की माझी अडचण होते. आपला आवडता शब्द जीर्णोद्धार. त्यात जीर्ण झालेल्याचा उद्धार करायचा असतो, आणि तो झाल्याचा संगमरवरी फलकही लावायचा असतो. मग हेमाडपंती देवळाच्या खांबांना तैलरंग फासला तरी पुण्य पदरात पडते. मॉरिस यांना जे म्हणायचे होते त्याला आपल्याकडे शब्द नाही असे मला बरीच वर्षे वाटत होते. केल्मस्कॉटहून परतताना गाडीत लक्षात आले की शब्द आहे, तो फार साधा असल्यामुळे कोणी तो निबंधात वापरीत नाही. डागडुजी.

५ सप्टेंबरला परांची उभी राहिली. पाखे उघडल्यावर आधी जे दिसले ते मनाला फार चांगले वाटले नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कोणी तरी कंत्राटदाराने ओकच्या रिपा काढून हलक्या लाकडाच्या बसवल्या होत्या, खुंट्यांच्या जागी लोखंडी खिळे मारले होते आणि कौलांच्या पोटाला आतून सिमेंट थापले होते. सिमेंटने आत आलेले पाणी बाहेर जाऊ दिले नाही. रिपा कुजल्या, खिळे गंजले, आणि पाऊस नसताना बादलीत पडणारा तो थेंब म्हणजे आठवडाभरापूर्वीच्या पावसाचे अडकून पडलेले पाणी होते. कौल उचलावे तर सिमेंट त्याच्या पोटाला घट्ट चिकटलेले, आणि छिन्नी लावली की कौलच पापुद्र्यासारखे सुटून येई. चारशे वर्षांच्या दंवापावसाने जे कौल फुटले नाही, ते असे आमच्या हातांत फुटत होते.

त्याखालचे लाकूड मात्र उत्तम होते. कैच्यांच्या सांध्यांवर सुतारांनी रोमन आकडे कोरलेले दिसले: जमिनीवर जुळणी करताना कोणता वासा कोठे जाणार याच्या त्या खुणा. एका तुळईवर, धुराड्याच्या शेजारी, कर्काटकाने काढलेले सहा पाकळ्यांचे फूल होते. घरात अनिष्ट काही शिरू नये म्हणून अशी फुले दारांवर आणि चुलीपाशी कोरीत. आजीने उंबऱ्यावर काढलेल्या रांगोळीत हेच फूल मी शेकडो वेळा पाहिले आहे. मी त्याचा फोटो काढला आणि तुळईला हात लावून खाली उतरले.

उतरवलेली कौले कुरणात नावांप्रमाणे रांगेने उभी केली. प्रत्येक कौल कारागीर डाव्या हातात लोंबते धरी आणि उजव्या हातातल्या हातोडीने हलकेच टोला देई. धड कौल खणखणते, आतून फुटलेले बद्द वाजते. बाजारात मडके टिचकी मारून घेतात, अगदी तसे. दुसऱ्या दिवशी त्याने हातोडी माझ्या हातात दिली. शंभरेक कौले तपासल्यावर माझा कान तयार झाला, आणि त्यानंतर त्याने माझी निवड एकदाच बदलली.

तरी माझी चूक व्हायची ती झालीच, आणि ती पैशांची होती. एकूण तिसरा हिस्सा कौले बाद होणार, असा अंदाज होता. म्हणून मी प्रत्येक लांबीची एकतृतीयांश नवी कौले मागवली. मागणी गेली, माल आला, आणि कारागिराने त्यातल्या छोट्या कौलांकडे पाहून विचारले, “ही कशाला आणलीत?” मग त्याने मला दाखवले. कौल बहुधा वरच्या टोकाला, खुंटीच्या भोकापाशी झिजते. तेवढा भाग छाटून नवे भोक पाडले की ते वाया जात नाही, फक्त आखूड होते आणि वरच्या ओळीत जाते. लांब विव्हेटचा आखूड विव्हेट होतो, त्याचा बॅचलर, बॅचलरचा मफिटी. दर मोठ्या शाकारणीत प्रत्येक जखमी कौल असे आढ्याकडे सरकते. त्यामुळे तूट कधीच वाटून पडत नाही, ती सगळी वळचणीला येते. आम्हांला हवी होती फक्त मोठी कौले, आणि मोठी कौलेच सर्वांत महाग असतात. लहान कौले परत घ्यायला खाणवाले तयार नव्हते. ती आजही त्या घराच्या तबेल्यामागे ओळीने उभी आहेत.

जुनी मोठी कौले दुसरीकडून विकत घ्यावीत, असा सल्ला मालकीणबाईंना त्यांच्या एका परिचितांनी दिला. मी विरोध केला. बाजारात जुनी कौले आहेत याचा अर्थ कोठे तरी एखादे धान्याचे कोठार उघडे पडले आहे. एका छपराची डागडुजी दुसऱ्या छपराच्या जिवावर करण्यात काही अर्थ नाही. शेवटी नवी कौले तीन आठवडे उशिरा आली, आणि आमच्या अडीच महिन्यांतले तीन आठवडे गेले.

बसवण्याचे काम खालून वर चालते. ओकच्या नव्या रिपांवर बोटाएवढ्या ओकच्या खुंटीने कौल नुसते लटकवायचे असते. ते स्वतःच्या वजनाने राहते. प्रत्येक कौलाने खालच्या दोन ओळी झाकल्या पाहिजेत आणि दोन कौलांमधली फट खालच्या कौलाच्या मध्याजवळ आली पाहिजे. रुंदी प्रत्येकाची वेगळी, तेव्हा कारागीर एक कौल उचली, जागेवर धरी, परत ठेवी, दुसरे उचली. याला मोजमाप नाही. सर्वांत अवघड जागा म्हणजे मुख्य पाखे आणि त्रिकोणी शिखराचे लहान पाखे जिथे मिळतात ती पन्हळ. दुसरीकडे अशा ठिकाणी शिशाचा पत्रा घालतात. इथे पत्रा नाही. कौलेच खालच्या बाजूला निमुळती छाटून, एकेक करून, उतारावरून उतारावर वळवीत नेतात, आणि कोपरा राहतच नाही, ओढ्याच्या वळणासारखा एक खोलगट झोका तयार होतो. आमच्या तीन पन्हळींपैकी एकीला त्याला चार दिवस लागले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने अर्धी पन्हळ उतरवली, कारण एका ओळीत फट फटीवर आली होती. ती खालून कोणालाही दिसली नसती. त्याने मला कारण सांगितले नाही, मीही विचारले नाही. आम्ही दोघांनी मिळून कौले पुन्हा शिडीवरून खाली दिली.

आढ्याचे दगड चुन्यात बसवून झाले तेव्हा नोव्हेंबरची ११ तारीख होती. आठ दिवस रोज रात्री ताज्या चुन्यावर गोणपाट झाकले. नंतरच्या सोमवारी गवत पांढरे झाले होते, पण तोवर चुन्याने धरले होते.

परांची उतरल्यानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात मालकीणबाईंचा फोन आला. पोटमाळा कोरडा होता. तक्रार वेगळी होती. नव्या वळचणीची सगळ्यांत खालची ओळ आम्ही थोडी उचलून बसवली होती, म्हणजे पाणी भिंतीपासून दूर पडावे. त्यामुळे पागोळ्या पूर्वीपेक्षा चार बोटे पुढे पडू लागल्या होत्या, नेमक्या त्या बाकावर, जिथे त्या सकाळचा चहा घेत. मी जाऊन पाहिले. फरसबंदीवर पूर्वीच्या पागोळ्यांनी कोरलेली खळग्यांची एक सरळ रेघ होती, आणि तिच्यापुढे, कोरड्या असताना कोणाच्या लक्षात न येणारी, ओल्या ठिपक्यांची दुसरी. आम्ही दोघींनी बाक उचलून खिडकीखाली ठेवला.